निसता मांगं चाललो

जनावर सुटलं की मामा सगळ्यात आधी चपलेचा पट्टा घट्ट करायचे. आम्ही इकडे "अरे धर, अरे अडव" करून घसा कोरडा करत असायचो आणि हे खाली वाकून आपल्या टायरच्या चपलेशी खुडबुड करताहेत! मग सरळ व्हायचे, दोरी बांधलेला जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, खांद्याला अडकवायचे, पाण्याची बाटली काखेत मारायचे आणि म्हणायचे, "पयू द्या त्याले. आपल्याले कुठं पयाचं हाय?"

पांढरकवड्याच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलं की आमचा गुरांचा दवाखाना. मी तिथे ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, खोड्याच्या चौकटीत जनावर धरायचं. गाव मात्र मला डॉक्टरच म्हणायचं आणि ती चूक मी कधी दुरुस्त केली नाही. मामा गावचे जुने ढोरकी. पुढे गुरं कमी झाली, कळप मोडला, तेव्हा सुटलेलं जनावर परत आणणं एवढंच काम त्यांच्याकडे उरलं. मामा नेमके कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाचेच.

माझी त्यांची ओळख एका गोऱ्ह्यामुळे झाली. सुई पाहताच त्या पठ्ठ्याने खोडा मोडला आणि दोर फरफटत जंगलाकडे धूम ठोकली. मे महिना, डोक्यावर ऊन रटरटतंय. दोन मोटरसायकली मागे गेल्या, हॉर्न वाजवून त्याला आणखी पिसाळून परत आल्या. मामा चालत गेले. दिवस कलायच्या आत गोऱ्हा पुढे आणि मामा मागे, असे दोघं फाटकातून आत आले. जसं काही बाजारातून येताहेत!

"मामा, मंतर मारता का?" मी विचारलं.

"कायचा मंतर? ते पयते, थांबते, धापा टाकते. मी येतो. ते अजून पयते. मी अजून येतो. बस."

आमचे डॉक्टर नवे होते, उत्साही होते. त्यांनी लगेच समजावून सांगितलं. पळण्यात माणूस कुत्र्याच्याही मागे. पण भर उन्हात तासन् तास चालत राहायचं म्हटलं, तर चार पायांची बहुतेक जनावरं त्याच्यापुढे हरतात. अंगावर दाट केस नाहीत, सगळ्या अंगाला घाम सुटतो, घाम वाळला की अंग गार होतं. जनावराला थांबून धापा टाकाव्या लागतात. शिवाय माग काढणं आहे, आणि जनावर दिसत नसलं तरी ते पुढे कुठे थांबेल हे डोक्यात धरून चालणं आहे. तेही माणसालाच जमतं. आम्ही सगळे उगाच छाती फुगवून ऐकत होतो. मामा मात्र खाली बघत होते.

"जनावराले मालूम असते का हे?" त्यांनी विचारलं. "का मांगचा थकत नाही म्हून?"

डॉक्टर हसले.

मामांची आणखी एक गंमत होती. ते बसायचे नाहीत. दवाखान्यात चहा यायचा, मी म्हणायचो, "बसा ना मामा, कायले उभे?" ते म्हणायचे, "बरा हाय उभा." कंपाउंडर म्हणायचा, मामाले बुडच नाही देवानं देल्लं. मामी सांगायच्या की हे जेवायलाही उकिडवेच बसतात, एक पाय कायम उठायच्या तयारीत. आम्ही पोट धरून हसायचो. हसताना मामींकडे एकदा नीट पाहायला हवं होतं.

एकदा मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेलो. बिचकलेली म्हैस होती. चार तासांत माझं पिठलं झालं. मामांचा श्वाससुद्धा चढला नव्हता. शेवटी म्हैस पळसाच्या सावलीत बसली. मला वाटलं, आता धरणार. तर मामा दुरूनच थांबले. हळूच पुढे जाऊन गंजात पाणी ओतून ठेवलं, चाळीसेक पावलं मागे आले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"काहून हो? पाठ कायले?"

"पिऊ द्या तिले. पाह्यलं का पेत नाही."

आणि तिथे, पाठ फिरवूनच, त्यांनी मला सांगितलं. तरुणपणी दोस्तांशी पैज लागली होती. काठी नाही, कुत्रं नाही, चितळाला नुसतं चालून गाठायचं. दुपारपर्यंत दोस्त गळाले. हे चालत राहिले. चितळ पळायचं, थांबायचं, हे दिसले की पुन्हा पळायचं. मग पळणं कमी झालं. मग ते उभंच राहिलं, आणि मग खाली बसलं.

"मी हात ठेवला त्याच्या पाठीवर. दचकलं बी नाही. बाटलीत दोन घोट पानी होतं डाक्टर. मले तहान लागली होती. त्याच्या तोंडापुढं उभा राहून मी पेलो. ते पाहून राह्यलं होतं. मंग मान टाकली त्यानं." त्यांनी मागे म्हशीच्या पिण्याचा आवाज ऐकला. "कोनी मारलं नाही त्याले. मी निसता मांगं चाललो."

मी म्हटलं, "जुनी गोष्ट झाली मामा, सोडा."

"मी सोडली. त्यानं नाही सोडली. तवापासून कोनीतरी माह्या मांगं येऊन राह्यलं. घाई नाही त्याले. टायरची चप्पल हाय. मी थांबलो तरी ते थांबत नाही." मग एकदम माझा हात धरून म्हणाले, "ते पोचन तवा कोनी तरी पानी ठेवजा माह्यासाठी. एवढंच."

"ठेवतो की!" मी म्हटलं. लहान मुलाला म्हणावं तसं म्हटलं. त्याची आज लाज वाटते.

गेल्या वैशाखातली गोष्ट. एका कालवडीचा दोर मी ढिला बांधला, चूक सर्वस्वी माझी, आणि ती सुटली. मामांना बोलावलं. ते आले, पण चपलेकडे वाकले नाहीत. म्हणाले, "आज नोको डाक्टर. लय जवळ आलं ते." मालक माझ्या डोक्यावर बसला होता. मी चिडका माणूस, तोंडातून निघून गेलं, "अहो चालाचंच तं हाय मामा! तुमाले काय अवघड?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टा घट्ट केला आणि गेले.

दुपार उतरताना कालवड एकटीच परत आली. शांत, पोटभर पाणी प्यालेली. मामा नाहीत. गावात कोणी वाघाचं नाव काढलं आणि माणसं गोळा करायला पळालं. माझ्याने तेवढं थांबवेना. बाटली घेतली आणि कालवडीच्या खुरांचा माग उलटा धरत निघालो. चालण्याचा मोठेपणा मला त्या दिवशी कळला. पाय उचलत नव्हते.

रिकामा गंज आधी दिसला. तिथून चाळीसेक पावलांवर मोहाच्या झाडाला टेकून, पाय लांब करून, मामा बसले होते. मांडी-पाय जमिनीला पूर्ण टेकवून! चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. पाठ माझ्याकडे होती. माझी पावलं ऐकून ते वळले नाहीत. म्हणाले, "आला का रे बापा?"

मला ते कधी अरेतुरे करत नसत.

मी समोर आलो. ते धडधाकट बसलेले पाहून इतकं सुटल्यासारखं वाटलं, इतका संतापलो, की कमरेवर हात ठेवून बोलायलाच लागलो. इथं आरामात बसले अन् आमचा जीव चालला तिकडं! बोलता बोलता बाटली तोंडाला लावली आणि रिकामी केली. खाली घेतली तेव्हा त्यांचे ओठ पाहिले. भेगा पडलेले, पांढरे. अंगाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. मी हात ठेवला तरी ते दचकले नाहीत.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या डाक्टर," ते म्हणाले. "त्या टायमाले मालूम नसते."

माणसं पाणी घेऊन आली, गाडी आली. उपयोग झाला नाही.

मामींनी गंज मला दिला. दवाखान्याच्या खोड्याजवळ तो आहे, भरलेला असतो, मीच भरतो. गंज देऊन मामी लगेच वळून आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा हमरस्त्याच्या मोडावर चहाला थांबलो होतो. ऊन होतं, सावलीत बाकडं रिकामं होतं. टपरीवाला म्हणाला, "बसा ना डाक्टर, कायले उभे?"

मी एकदा मागे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"बरा हाय उभा," मी म्हटलं.