फुटाला एक सूत

जगात कुणाशीही खरं बोलता येतं, पण आमच्या मामेसासऱ्यांशी, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांशी, लाकडाबद्दल खरं बोलायची कुणाची छाती नाही. मी लग्नानंतर पहिल्याच भेटीत माझ्या घरातल्या कपाटाचं कौतुक केलं, तर मामा म्हणाले, "हो, दुरून बरं दिसतं." ते कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करून बघतात आणि मग बसतात. माझ्याच मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाचा खांब हलवून बघत होते. एकदा आम्ही कर्वेनगरात एका ओळखीच्यांकडे समाचाराला गेलो होतो. घरात रडारड चाललेली, आणि मामा उठले ते थेट भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपाशी. फोटो सरळ केला, दोन पावलं मागे येऊन पाहिला आणि त्या गेलेल्या गृहस्थांच्या बायकोला म्हणाले, "अण्णा हयातीत कधी एवढे तिरके नव्हते." ती बाई रडता रडता थांबली. त्यानंतर समाचाराला मामांना न्यायचं नाही, असं मामींनी ठरवून टाकलं.

मामा भोसरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. म्हणजे यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा, त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा; तो वाळूत दाबून साचा घेतात. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून नमुना जरा मोठा करावा लागतो. आणि दर वेळी आकडेमोड नको म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक फूट हा तुमच्याआमच्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा. हे मला मामांनीच शिकवलं, तेही जेवताना, पापडावर रेघा मारून. पुढे कारखान्यात संगणक आला. पडद्यावर चित्र काढलं की यंत्र आपलं आपण कोरायला लागलं, आणि मामांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात इच्छा कुणाची होती, ते विचारायचं नाही. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ टेबलावर विसरून ते आपली पोलादी पट्टी तेवढी घेऊन घरी आले.

त्यानंतरची दोन वर्षं काय सांगू! हाताला काम नसलेला कारागीर घरात असणं म्हणजे काय, ते मामींना विचारा. गॅलरीत त्यांनी बाक मांडला आणि पोळपाटाचे पाय चारदा बदलले. ज्यांच्या चहात करवतीचा भुसा पडायचा, ते खालच्या मजल्यावरचे जोशी आधी बोलायचे आणि नंतर नुसतं झाकण ठेवून चहा प्यायचे. मामा दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. आम्हाला त्यांच्या बोलण्याची भीती वाटायची खरी, पण त्या गप्प बसण्याची जास्त वाटायला लागली.

अशात त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, मुक्ताने, खराडीला ऑफिसजवळ फ्लॅट घेतला. आरसा घेऊनच ती आली आणि म्हणाली, "बाबा, याला चौकट तुम्ही करायची. रंगवलेली. इंटिरियरवाल्याला मी सांगून टाकलंय, ती एक भिंत सोड म्हणून." मामा फक्त "बघू" म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी आमटी दोनदा घेतली.

आरसा त्यांनी मापला मामींच्या शिवणाच्या टेपने, कारण काचेला पोलाद लावायचं नाही हा त्यांचा नियम. तीन फूट बाय दोन. सागवान आणलं, चौकट झाली, आणि रंगही दिला: लाल, काळा आणि वर पिवळे पट्टे. कारखान्यात नमुन्याला देतात तोच. मामी म्हणाल्या, "आरशाची चौकट आहे की रेल्वेचं फाटक?" रंगाचं सोडा, आरसा एका बाजूने खाचेत बसवला की दुसऱ्या बाजूने निसटत होता. मामांनी दोष लाकडाला दिला. दुसरी चौकट केली, तीही तितकीच सैल. या वेळी काच कापणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. तिसऱ्या चौकटीला मात्र त्यांनी जीव ओतला. मोरपंखी रंग, त्यावर बारीक ब्रशने काढलेली जाईची फुलं, सांधे असे की नख जाणार नाही. रंग वाळला, मी आरसा धरला, मामांनी चौकट लावली. आरसा खुळखुळला.

मामींनी टेप आणून बाकावरच्या पट्टीशेजारी ठेवली. तीन फुटांना तीन सुतांचा फरक. मामा त्या दोन मापांकडे बघत राहिले. जी गोष्ट त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवली, तीच त्यांचा हात विसरला होता; तिन्ही वेळा त्यांनी लाकूड ओतकामाच्या मापाने कापलं होतं. "आता या हाताला खरं माप येत नाही," ते म्हणाले. "ओतायला कुठे काही उरलंय?" मग मला म्हणाले, "जावईबापू, ही भंगारात द्या." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारचे बारा वाजले होते. असं ते चार दिवस करत होते, आणि मला काही सुचत नव्हतं. शेवटी ती तिसरी चौकट मी गाडीत घातली आणि मुक्ताला फोन केला.

वास्तुशांतीला मामा आले ते मामींनी ओढून आणले म्हणून. कोपऱ्यात बसले, खुर्ची उलटी करून बघितलीसुद्धा नाही. आरतीच्या आधी मुक्ता त्यांना म्हणाली, "बाबा, जरा आत या ना." मीही मागोमाग गेलो.

आरसा भिंतीवर होता. मामांनी चौकटीच्या कडेने नख फिरवलं, चारही बाजूंनी. कुठेही फट नव्हती.

"काच नवी आणलीस," ते म्हणाले.

"हो."

"मोठी."

"चौकटीच्या मापाची," मुक्ता म्हणाली.

मला वाटलं, आता ते चौकट उतरवणार. पण ते उभेच राहिले. मग आम्हा दोघांपैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "पॅटर्न वाळूत दाबतात, काढून घेतात आणि गोदामात टाकतात. माल होतो तो लोखंडाचा. बत्तीस वर्षांत मी केलेलं कुणी भिंतीवर लावलं नाही गं."

बाहेर गुरुजींनी यजमानीणबाईंना दोनदा हाक मारली. मुक्ताने वडिलांचा हात धरला होता, आणि ते काही हलेनात. आरती तिच्याविनाच झाली.