रुमालाखालची किंमत

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही हडपसरला बुटके घोडे पाळतो. मोठे झाले तरी कमरेएवढेच. यंदाचं शिंगरू अजून आईचं दूध पितंय, दूध सुटलं की विकायचंय.

आज सकाळी हिंजवडीचे एक साहेब ते बघायला आले, सोबत दलाल. दलालाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ सासऱ्यांचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. घोडेबाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही.

मी रुमाल उचलला आणि किंमत मोठ्याने सांगितली.

साहेब म्हणाले, "अहो, एवढंसं तर आहे! मोठ्या घोड्याचा भाव लावताय?"

"घोडा फुटपट्टीने विकत नाही आम्ही. घोडीचा खुराक, लसी, डॉक्टर, सगळं धरलंय त्यात."

"मग आत्ताच द्या. दूध आम्ही बाटलीने पाजू. तेवढे कमी करा."

म्हणजे आईपासून तोडलं की स्वस्त! मी म्हटलं, "दूध सुटल्याशिवाय ते इथून हलणार नाही. आणि भाव सगळ्यांना एकच."

दलाल सासऱ्यांकडे वळला. "दादा, तुमच्यात बाई भाव ठरवती व्हय?"

सासरे म्हणाले, "घोडी अडली तवा हात घालून शिंगरू तिनं काढलं. भाव मी कशाला सांगू?"

दोघे गेले. रुमाल इथेच विसरलेत. शिंगराचं तोंड पुसायला बरा आहे.

तुम्हीच सांगा, किंमत रास्त असेल तर ती झाकायची कशाला?