हेडफोनातली वंदना

वाळूजच्या एका कारखान्यात मी मोटारींचे सुटे भाग तपासतो. खरं सांगायचं तर नापास करतो, पगार त्याचाच मिळतो. त्यामुळं गेल्या वर्षी पाली भाषेतली बुद्धवंदना शिकण्यासाठी मोबाइलवर रेकॉर्डिंग शोधायला बसलो, तेव्हा हाताच्या सवयीनं एकेक नापास करत सुटलो.

पहिल्यात बासरी, की-बोर्ड आणि धबधबा होता. पंचशील त्या धबधब्यामागं कुठंतरी चाललं होतं. दुसऱ्यात आवाजाला इतका घुमारा दिलेला, की माणूस विहिरीत पडलाय आणि दोरी मागायची सोडून शरण जातोय असं वाटावं. एक परदेशी भिक्खू इतक्या वेगानं म्हणत होते, की त्यांची शेवटची गाडी सुटणार असावी. दुसऱ्या देशातले भिक्खू एक अक्षर धरायचे, ते माझा चहा गार होईपर्यंत सोडायचे नाहीत. कुणीतरी एका जाहीर कार्यक्रमात केलेलं रेकॉर्डिंग बरं निघालं. पण सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो असं चाललेलं असताना मधेच माइकवरून पांढऱ्या गाडीवाल्याचा उद्धार झाला, गाडी मंडपाच्या तोंडाशी लावली म्हणून. ‘नवशिक्यांसाठी’ अशी पाटी लावलेल्या एकात एक गृहस्थ सात मिनिटं स्वतःबद्दल बोलले, घंटी दाबायला सांगितली आणि पाली दीड मिनिटात उरकलं. खोटं बोलणार नाही हे चौथं शील संपतं न संपतं, तोच टकलावर आठ दिवसांत केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात लागली.

नवशिक्याला फार काही लागत नाही. समोरच्यानं एक ओळ साधी म्हणावी आणि तेवढीच जागा मोकळी सोडावी. एवढं कुणालाच जमत नव्हतं.

आता उरलेलंही सांगून टाकतो, कारण हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. माझे वडील बौद्धाचार्य होते. सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी करून वस्तीतली लग्नं, नामकरणं, मयतीनंतरचे विधी तेच करायचे. ते पुढं म्हणायचे, शंभर माणसं मागून म्हणायची. त्या शंभरात मी उभा असायचो आणि ओठ हलवायचो. गर्दीत ते खपून जातं. वयाच्या पन्नाशीपर्यंत खपलं.

मग वडील गेले. वर्ष भरत आलं तशी आई म्हणाली की पहिल्या स्मृतिदिनाला विहारातले भन्ते येतील, त्यांच्याकडं शील मागायची याचना थोरल्यानं एकट्यानं म्हणायची. येतं ना, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, येतं की.

म्हणून हेडफोन. तेसुद्धा घरी नाही, कंपनीच्या बसमध्ये. शेजारच्या सीटवरच्यानं काय ऐकता म्हणून विचारलं तर जुनी गाणी म्हणून सांगायचो. चौथं शील पाठ करता करताच हे उत्तर द्यायचो, त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. त्याची तालीम गारखेड्यात झाली होती. तिथं फ्लॅट घेतला तेव्हा दारावर आडनावाची पाटी लावली नाही, नुसता नंबर ठेवला. कुणी विचारलं तर गावाचं नाव सांगायचो, आणि गावाचं नाव काही खोटं नव्हतं.

आईवडिलांना तिथं आणल्यावर वडील सकाळी सहाला मोठ्यानं वंदना म्हणू लागले. महिनाभरानं शेजारच्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, “तुमच्याकडे सकाळी काहीतरी चालतं, नाही?” एवढंच. तक्रार नव्हती, कदाचित कौतुक असेल. मी विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी वडिलांना सांगितलं, जरा हळू म्हणत जा, लोक झोपलेले असतात. लोक कसले झोपतात, त्यांची भजनं पाचपासून सगळ्या मजल्यांना ऐकू जायची. वडील “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे नुसते ओठ हलायला लागले. माझ्यासारखे.

शेवटी एक रेकॉर्डिंग पास झालं. जुनं, खरखरीत, वाद्य नाही. एक वयस्कर भिक्खू आणि बहुधा विहारातल्या काही बाया. ते मी दोन महिन्यांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत घोटलं. त्यात कुठली ओळ भिक्खूची आणि कुठली बायांची, याचा विचार केला नाही. कारखान्यात आम्ही नग तपासतो, तो गाडीत कुठं बसतो ते बघत नाही.

स्मृतिदिनाला जुन्या वस्तीतली तीसेक माणसं घरी आली. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्याआधी भोजनदान व्हायला हवं म्हणून भन्ते लगेच आसनावर बसले. मी गुडघे टेकले, हात जोडले आणि याचना म्हटली, तिन्ही वेळा, न अडखळता. तिथं थांबायचं असतं. पुढचं वाक्य भन्तेंचं. माझी टेप थांबली नाही. मी तसाच खणखणीत म्हणालो, “यमहं वदामि तं वदेथ.” म्हणजे मी म्हणतो ते तुम्ही म्हणा. हे मी भन्तेंना सांगत होतो.

आणि जमलेल्या तीस माणसांनी जन्माच्या सवयीनं माझ्या पाठीमागून उत्तर दिलं, “आम भन्ते.” म्हणजे होय, भन्ते.

चुलतभावानं तोंडात रुमाल कोंबला. भन्तेंनी डोळे मिटले, मला वाटतं हसू आवरायला. मग तेच वाक्य पुन्हा आपल्या आवाजात म्हणून त्यांनी कार्यक्रम रुळावर आणला. मी मागून म्हणत राहिलो, पण आवाजाशिवाय. परत ओठच.

माणसं जेवून गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. बस, हेडफोन, येतं म्हणून मारलेली थाप. तिनं खिरीचं पातेलं पुसून ठेवलं.

“त्यांला मोठ्यानं म्हनू दिलं असतंस,” ती म्हणाली, “तर तुला मशीनपाशी शिकावं नसतं लागलं.”

“तुला माहीत होतं?”

“घरात दोघंच असायचो दिवसभर. कुनी गप केलं ते मला दुसऱ्यानं सांगावं लागंल व्हय?”

मग मी म्हणालो की तुला तर सगळं येतं, तू हळूहळू म्हण, मी रेकॉर्ड करून घेतो.

“रेकॉर्ड नाय करायचं,” ती म्हणाली. “माझ्या मागं म्हन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही बसलो. तिनं एक ओळ म्हटली आणि थांबली. मी म्हटली. ती पुढची ओळ देईना. विसरली की काय म्हणून मी बघितलं, तर ती माझ्याकडंच बघत होती.

“लई हळू,” ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटली. तरी ती थांबूनच होती.