भिंतींमधला गारवा

मे महिन्यातल्या एका मंगळवारी हे गेले.

जोधपूरचं आमचं घर त्यांनीच आखलेलं. काँक्रीटच्या दुहेरी भिंती, मध्ये पोकळी. पश्चिमेला एकही खिडकी नाही. वरचा वारा खोलीत उतरवणारा धुराड्यासारखा मनोरा. समाचाराला आलेले नागपूरचे भावजी उन्हातून आत येऊन भिंतीला टेकले.

“वहिनी, माठात बसल्यासारखं वाटतंय हो!” म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

त्यांच्यापेक्षा मीच ओशाळले. त्या क्षणी मला दुःख नव्हतं, अभिमान होता. “ऐकलंत का?” म्हणायला मी ह्यांच्या खोलीकडे वळलेसुद्धा.

बाहेर सगळं पोळत असताना, त्यांनीच केलेल्या गारव्यात बसून त्यांच्यासाठी रडायचं, याचीही लाज वाटते.

आता दुपारी मी एकटीच असते. घर गार असतं.