आत्याच्या पातेल्यातली साखरफुलं

“कावळा काही शिवला नाही हो शेवटपर्यंत,” आई स्वयंपाकघरात शेजारच्या काकूंना हळू आवाजात सांगत होती. “वन्संचा जीव कशात अडकला होता, देव जाणे.”

बाहेरच्या खोलीत मी नव्या सुटकेसवर बसले होते आणि बाबा तिला दोरी बांधत होते. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. नवरा आधीच इंग्लंडला पोचला होता, आणि कात्रपच्या आमच्या बिल्डिंगखाली मला विमानतळावर नेणारी टॅक्सी उभी होती. आत जाऊन एक वाक्य बोलायचं, एवढंच बाकी होतं. बाबा म्हणाले, “ऊठ, झालं बांधून.” मी उठले आणि जिना उतरले.

ते वाक्य सहावीपासून माझ्याजवळ होतं.

त्या वर्षी आईने उल्हासनगरला कमला आंटींकडे केक सजवायचा क्लास लावला. आंटी सिंधी. हॉलमधलं डायनिंग टेबल भिंतीला सरकवून सात-आठ बायकांना शिकवायच्या. “अरे, हाथ हल्का रखो, चपाती नहीं बेल रहे!” असं ओरडून स्वतःच हसायच्या. सुट्टीत आई मलाही न्यायची, कारण आंटींची रेसिपीची वही इंग्लिशमध्ये होती आणि आई मराठी शाळेत शिकलेली.

आम्ही मूळचे पालेगावचे, मासे खाणारे. पण बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, नवरा गेल्यावर गळ्यात तुळशीची माळ घालून आमच्याकडे राहायला आली होती. तिचा तवा वेगळा, पातेलं वेगळं, विळीसुद्धा वेगळी. घरात सुरमई तळली जायची त्या दिवशी ती खिडकीशी तोंड करून बसायची. तक्रार मात्र कधी केली नाही.

आंटी दोन तऱ्हेचं आयसिंग शिकवायच्या. एकात अंड्याचा पांढरा बलक. दुसरं लाटून केकवर पांघरायचं, त्याचीच फुलं करायची. इकडे इंग्लंडात त्याला फॉन्डंट म्हणतात, आम्ही शुगर पेस्ट म्हणायचो. आईने दुसरं निवडलं, केकही डब्यातल्या घट्ट दुधाचा, बिनअंड्याचा केला, ते केवळ आत्यासाठी. घरी पहिल्यांदा करायला बसली तेव्हा पेस्ट ताणली जावी म्हणून घालायच्या जिलेटिनची डबी माझ्या हातात देऊन म्हणाली, “वाच गं नीट. वन्संच्या माळेला चालेल ना?”

मी वाचलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, जनावरांच्या हाडांपासून.

आईने पिठीसाखर मलमलीतून चाळून ठेवली होती. ग्लिसरीन औषधाच्या दुकानातून आणलं होतं. नाकाला साखर लागली होती आणि ती गुणगुणत होती. माझा वाढदिवस चार दिवसांवर होता. वर्गातल्या मुली बेकरीचे केक आणायच्या, माझा त्यांच्याहून सुंदर होणार होता.

“चालेल,” मी म्हणाले.

माशाचा वास लागू नये म्हणून आईने जिलेटिन आत्याच्या पातेल्यात भिजवलं.

हातावर कॉर्नफ्लॉवर चोळून आई पेस्ट मळायची, बोटांच्या चिमटीत पाकळी पातळ करायची, हेअरपिनने कड दुमडायची आणि गुलाब औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर वाळत ठेवायची. हळूहळू हेंद्रेपाड्यापासून अंबरनाथपर्यंत वाढदिवसांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. दर केकमागे आत्याचं एक फूल ठरलेलं. “माझं फूल ठेवलंस का गो?” ती दारातूनच विचारायची. आधी ते देवापुढे ठेवायची. मग माळेला हात लावून डोळे मिटायची आणि पाकळी तोंडात घालायची. मी त्या वेळी खोलीतून निघून जायचे. अबोल मुलगी, कोणाला काही वाटायचं नाही.

सहावीतल्या मुलीची चूक आठवीत सांगता आली असती. कॉलेजात जाईपर्यंत तो गुन्हा झाला होता. आई विचारायची, “पेपरात आलंय का गं अजून काही नवीन, केकचं?” आणि मी तिला तेही वाचून दाखवायचे.

शेवटच्या आजारात आत्याला अन्न जाईना. आई पाकळी मोडून तिच्या जिभेवर ठेवायची. माझ्या लग्नाच्या काही महिने आधी ती गेली. दहाव्याला बाबा नदीवरून आले आणि पायांवर पाणी घेता घेता म्हणाले, “दर्भाचा कावळा करावा लागला.” तिथे सगळ्यांनी सगळं कबूल करून पाहिलं होतं. पालेगावच्या जमिनीचं, माझ्या लग्नाचं. खरं कारण, मला वाटलं, घरात बसलं होतं.

तुमच्यापैकी जे देश सोडून निघून आलात त्यांना माहीत असेल, काय काय सामानातून आपोआप येतं. इथे शुगर पेस्ट तयार पाकिटात मिळते. मी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहते. नवरा म्हणतो, “परीक्षा आहे का उद्या?” शेजारच्या मुलांसाठी मीही केक करते, पण जिलेटिनऐवजी शेवाळापासूनचं चायना ग्रास घालून. तेव्हाही उल्हासनगरच्या कुठल्याही किराणा दुकानात ते मिळत होतं. फुलं वाळत ठेवली की भर दुपारी मला दाराशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि मी वळून बघत नाही.

परवा पितृपक्षात आईला फोन लावला. ती उत्साहात होती. “उद्या आत्याचं पान ठेवायचंय गच्चीवर. खीर, वडे, आणि एक गुलाब केलाय. त्यांच्याच पातेल्यात, त्याच पद्धतीने. बघू, या वर्षी तरी कावळा येतो का.”

लाइन खरखरत होती.

लोक विचारतात, घराची आठवण येते का. येते. मला घर म्हणजे ते पातेलं दिसतं, आणि नाकाला साखर लागलेली आई, माझ्या उत्तराची वाट बघणारी.

“हॅलो? आहेस ना गं?”

“आई, ते फूल पानात ठेवू नकोस. जिलेटिन हाडांचं असतं. डबीवर लिहिलं होतं, आणि मी ते वाचलं होतं.”