नापासाचं तिसरं वर्ष

रविवार, २ मार्च. सकाळी दूध नासलं. प्लंबर आला नाही. अकरा वाजता मुंगीची परीक्षा होती. तिच्या आईबरोबर मीही गेले.

मुंगी ही आमच्या तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंची मुलगी, वय तेरा. हे नाव जिन्यातल्या पोरांनी ठेवलं, कारण ती स्वतःपेक्षा मोठं ओझं पाठीवर घेऊन चालते. ओझं चेलोचं. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. कॉलेजची मुलं दर रविवारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात फुकट संगीत शिकवतात, तिथून तिला तो मिळाला. शिंपीणबाईंच्या एका खोलीत दोन मशिनं आणि कापडाचे ढीग. चेलो आत घ्यायचा तर माणसांनी बाहेर झोपायचं. म्हणून तो माझ्या मागच्या खोलीत राहतो आणि मुंगी रोज दुपारी तिथे येऊन वाजवते.

चांगलं वाजवते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी माझ्याकडून चार वर्षं पियानो बडवून घेतला, त्यामुळे एवढं मला कळतं. पहिल्या वर्षी दारात मांजराची शेपटी सापडल्यासारखा आवाज यायचा. दुसऱ्या वर्षापासून मी दुपारी झोपेचं नाव काढलं नाही, तिथेच खाटेवर पडून ऐकत असे. खाली तिच्या आईला मात्र मशिनांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे.

तरी ती दोनदा नापास झाली, आणि दोन्हीदा मुद्दाम.

चेलो एकच आणि वाट बघणारी मुलं बरीच. पास होणाऱ्याने तो पुढच्याला द्यायचा असा नियम. नापास झालेल्याला मात्र आणखी एक वर्ष, कारण ज्याला येत नाही त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, असं त्या भल्या मुलांनी ठरवलेलं. शिकवणारे दरवर्षी नवे. जुने नोकरीला लागतात. नवा दादा आला की मुंगी तारांवर फिरवायचा गज कसा धरायचा तेही विसरल्यासारखं करून पहिल्या धड्याला बसे.

गेल्या आठवड्यात शिंपीणबाईंनी जाहीर केलं, "काकू, हे शेवटचं. या वेळी नापास झाली की क्लास बंद, मशीनवर बसेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला तरी कुठे गाता येतं!"

त्या गेल्यावर मुंगी म्हणाली, "आजी, पास झाले तर चेलो जातो. नापास झाले तर आई परत करते. काय करू?"

"आईला खरं सांग."

"ती लगेच दादाला सांगेल. गिऱ्हाइकाचं बोटभर कापड उरलं तरी परत देते ती."

हे खरं होतं. मी तिला केळं दिलं.

परीक्षेला यंदाचा दादा तिच्याहून जास्त घाबरलेला. मुंगी वाजवायला लागली आणि तिसऱ्या ओळीत नेहमीच्या जागी मुद्दाम घसरली.

"होतं असं. सावकाश," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहू लागला.

शिंपीणबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "चला काकू, गणवेश पडलेत शिवायचे."

"आई, बस," मुंगी म्हणाली.

"कशाला? ऐकलं की."

"बस ना. पुन्हा वाजवते."

तिने नेमलेली धून सगळी वाजवली. मग न थांबता आणखी एक वाजवलं, जे क्लासमध्ये कोणी शिकवलेलं नव्हतं. शिंपीणबाई पिशवीसकट उभ्याच राहिल्या.

"हे तुला कधीपासून येतंय?" दादाने विचारलं.

"झाली दोन वर्षं."

"मग नापास कशी झालीस?"

"होता येतं."

शिंपीणबाई म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं मी तुला ठोंबी म्हणतेय आणि तू म्हणवून घेतेयस?"

"पास झाले असते तर हा गेला असता."

शिंपीणबाईंनी पिशवी बाकावर ठेवली. मग दादाला म्हणाल्या, "पास करा हिला. ज्याचा नंबर असेल त्याला द्या ते."

मुंगीने मान खाली घातली आणि गजाचा स्क्रू सैल करायला लागली.

नंबर इस्त्रीवाल्याच्या मुलीचा होता. ती मागच्या बाकावर बसली होती.

"तुझ्या घरी ठेवशील कुठे?" शिंपीणबाईंनी तिला विचारलं.

"कपड्यांच्या गठ्ठ्यांवर."

"गरम इस्त्र्यांशेजारी? लाकूड आहे ते." त्या दादाकडे वळल्या. "नाव हिचं लावा. पण राहू दे काकूंकडेच. एक दिवस ही वाजवेल, एक दिवस ती. आणि आमची हिला शिकवेल. दोन वर्षं दुसऱ्याची जागा अडवून बसलीय, फेडू दे."

"पण नियमात..."

"कुठे ठेवायचं ते आहे का तुमच्या नियमात?"

त्याने कागद उलटून पाहिला. "नाही."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं.

परतताना शिंपीणबाई रस्ताभर बोलत होत्या, आणि त्यातलं एकही वाक्य गोड नव्हतं. कोपऱ्यावर आल्यावर थांबल्या. "ते दुसरं काय वाजवलंस?"

"माझंच आहे. दुपारी तुझं मशीन ऐकू येतं ना, त्याच्यावर बसवलं."

"तरीच मध्ये मध्ये अडकत होतं. सुई बदलायला झालीय," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. मुंगीच्या पाठीवरचा चेलो आता त्यांनी एका बाजूने धरला होता.

आता रोज दुपारी दोघींपैकी कोणीतरी येणार, आणि त्यातली एक पहिल्या धड्यापासून. संध्याकाळी माझी खाट मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत हलवली. एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घातला.