रुईत ठेवलेला पंप

आम्ही पिंजारी. दुसरबीडला रस्त्याला लागून माझं दुकान आहे. पुढे गाद्या आणि उशा, मागे कापूस पिंजायच्या मशीनची खोली. त्या खोलीत दिवसभर रुईची धूळ उडते. संध्याकाळी गुळाचा खडा चघळला की आत गेलेली रुई खाली उतरते, असं आमच्यात मानतात. मी तीस वर्षं न चुकता गूळ खाल्ला. छातीचं काय झालं ते सांगता येत नाही, दाढा मात्र दोन गेल्या.

दोन वर्षांमागे घरात साथीचा ताप आला. बायको आठ दिवसांत उठली, मुलगी तर चारच दिवसांत. माझाही ताप उतरला, पण खोकला राहिला. तिसऱ्या आठवड्यात छातीतून शिट्टी वाजायला लागली. दुकानाच्या तीन पायऱ्या चढलो तरी थांबावं लागे. भाव सांगताना मध्येच दम घ्यायला थांबलो की गिऱ्हाईक समजायचं, म्हाताऱ्याला भाव सांगायचा नाही. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो.

बायकोने ओढत तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं. नळीवरचा काटा जरासा हलला आणि थांबला. लहानपणी छाती भरायची का, असं त्यांनी विचारलं. भरायची, पण मिसरूड फुटल्यापासून कधी त्रास नव्हता. त्या म्हणाल्या, ताप विषाणूचा होता, तो गेला; पण श्वासाच्या नळ्या सुजून बसल्या आणि जुना दमा जागा झाला. त्यांनी दोन पंप दिले. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि नंतर चूळ भरायची. दुसरा निळा, दम कोंडला तरच. पिंजताना तोंडाला मास्क, आणि जमलं तर काही दिवस पिंजणंच बंद.

ते शेवटचं मी ऐकलंच नाही. चार महिन्यांवर मुलीचं लग्न होतं. आमच्यात मुलीला द्यायची गादी बापाने स्वतः पिंजायची असते. रुई निवडायची त्याने, पिंजायची त्याने, खोळीत भरून टाके घालायचे तेही त्याने. दुसऱ्याच्या हातची गादी दिली तर बिरादरीत कोणी भांडत नाही, फक्त विचारतात. ते विचारणं मला नको होतं. मी दुसऱ्यांच्या पोरींच्या शेकडो गाद्या भरल्या होत्या. एक आपल्या पोरीची.

महिन्याभरात खोकला गेला. मी रोजचा पंप बंद केला. बरं वाटत असताना औषध घेणं म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा पानावर बसणं, असं माझं मत होतं, आणि मत असलं की मी ते कोणाला विचारत नाही. निळा पंप तेवढा जवळ ठेवला. पण खिशातही नाही. पंप लागलेला माणूस म्हणजे संपलेला माणूस, असं लोक बघतात; मीही तसंच बघत आलो होतो. म्हणून तो मशीनशेजारच्या पिंजलेल्या रुईच्या ढिगात खुपसून ठेवला. नाजूक वस्तू रुईत ठेवायची आमची पिढीजात सवय. चष्मा, दिव्याची काच, अंडी, सगळं रुईत. तिथे कशाला धक्का लागत नाही. पंपाचं टोपण पहिल्याच आठवड्यात कुठे गेलं कोण जाणे.

तो दुपारचा प्रकार. उंद्रीच्या एका गिऱ्हाइकाच्या चार जुन्या रजया उसवून पिंजायला घेतल्या होत्या. नव्या कापसापेक्षा जुन्या रुईला धूळ फार. मास्क हनुवटीवर होता. तिसऱ्या रजईला छाती आवळली. मी मशीन बंद केली, ढिगात हात घातला, पंप काढला, तोंडात धरून दाबला. औषधाऐवजी घशात एक कोरडा बोळा येऊन बसला. पंपाच्या तोंडात रुई भरली होती. खोकत खोकत पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मग मी खाली बसलो. मला भीती वाटली, आणि ती साधीसुधी भीती नव्हती. समोर पांढरा ढीग दिसत होता आणि हवा कुठेच नव्हती.

मशीन मध्येच का थांबली म्हणून बायको पुढच्या दुकानातून आत आली. तिने आरडाओरडा केला नाही. माझ्या हातातला पंप घेतला, रजई शिवायचा दाभण उचलला आणि त्याच्या टोकाने पंपाच्या तोंडातली रुई उकरून काढली. बोटभर बोळा निघाला. पंप हलवून तिने दोनदा हवेत दाबून बघितला, मग माझ्या तोंडात धरला.

"हळू ओढा. आता रोखा. घाई नका करू."

थोड्या थोड्या वेळाने चार-पाचदा तिने तसंच केलं. मग शेजारच्याच्या जीपमध्ये घालून मला दवाखान्यात नेलं.

वाफ घेऊन मी जरा बोलण्यासारखा झालो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोजचा पंप चालू होता?"

"हाव," मी म्हणालो.

"खोटं बोलून राह्यले," बायको म्हणाली. "महिना झाला, त्याले हात नाई लावला."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं की निळा पंप दार उघडतो, पण आतली सूज उतरते ती रोजच्या पंपाने, आणि ती उतरायला वेळ लागतो. खोकला गेला म्हणजे सूज गेली असं नाही. आणि म्हणाल्या, मी सांगेपर्यंत पिंजायच्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

"बाई, दोन महिन्यांवर पोरीचं लग्न हाये. तिची गादी..."

"लग्नात गादी लागेल की बाप लागेल, ते घरी जाऊन ठरवा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी शहाण्यासारखा वागलो. रोजचा पंप, चूळ, निळा पंप टोपणासकट खिशात. सगळ्या गावाला दिसला तरी. डॉक्टरीणबाईंनी तसलीच एक फुंकायची नळी घरी दिली होती; सकाळी तिच्यात फुंकायचं आणि बायको कापडावर रेघा मारायच्या खडूने आकडा भिंतीवर लिहायची. आकडा हळूहळू वर सरकत होता. माझा हिशोब साधा होता: लग्नाआधी आठ दिवस आकडा पुरेसा वर गेला की गुपचूप एक सकाळ मशीनवर बसायचं.

हे मी कोणाला बोललो नव्हतो. पण मुलगी माझ्याच घरात वाढलेली. लग्नाला दहा दिवस असताना तिने सकाळीच खोलीची किल्ली उचलली.

"अब्बा, तुमी बाहेर बसा. मी पिंजते."

"नवरीनं आपली गादी पिंजलेली कधी पाह्यली काय कोणी?"

"मंग आता पाहा," ती म्हणाली. "मले तुमी लग्नात पायजे."

तिने मास्क लावला, वर ओढणी घट्ट बांधली आणि आतून कडी घातली. मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. तिथून मशीनचा आवाज येत होता. आवाजावरून मला सगळं कळतं. ती रुई फार जाड घालत होती, मशीन कण्हत होती. मला उठून जावंसं वाटलं, पण उठलो नाही. तासाभराने आवाज सरळ झाला. तिने मला पिंजताना लहानपणापासून बघितलं होतं, मी शिकवलं मात्र कधीच नव्हतं. त्याची लाज वाटली आणि बरंही वाटलं. टाके घालायला मला अंगणात बसवलं. टाक्यांना धूळ उडत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पाहुण्यांना दाखवायला सामान मांडलं. लोणारचे एक चाचा आले. ऐंशीच्या घरातले, जुने पिंजारी. ते भांड्यांकडे बघत नाहीत. सरळ गादीपाशी गेले, तळवा टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला, कुठे गाठ लागते का बघत. गाठ नव्हती. मग माझ्याकडे वळले.

"इतक्या बिमारीतही पिंजली? हात तुहाच हाये बे. दुसऱ्याले असं जमत नाई."

मुलगी दारात उभी होती, हाताला ओली मेंदी. मी काही म्हणायच्या आतच ती म्हणाली, "हाव चाचा, अब्बाचाच."

चाचांनी माझी पाठ थोपटली. बिरादरीची चार माणसं ऐकत होती. त्या दिवशी सकाळी नळीतला आकडा आजारपणानंतरचा सगळ्यात मोठा आला होता. छातीत शिट्टी नव्हती, खोकला नव्हता. "माझा नाही, हिचा हात आहे," एवढं म्हणायला श्वास भरपूर होता. मी म्हणालो नाही.